मार्थाबायच्या नऊ शाळा

शारजातल्या शाळा जेवढ्या मी पाहिल्यात तेवढ्या कुणा इन्स्पेक्टरनंसुद्धा पाहिल्या नसतील. सगळ्या बाहेरून पाहिल्यात, व्हॅनमध्ये बसून, एसी चालू ठेवून, आणि निम्म्या वेळा घोरत.

जाग्या असायच्या त्या मार्थाबाय. गेल्या नाताळाच्या आधी आठ दिवस त्या वसईला गेल्या. गेल्या म्हणजे वारल्या. बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, खाली चाळीस जणांनी जोडलेले हात टाकले, मीपण टाकले. मग व्हॅन कडेला घेऊन थोडा वेळ बसून राहिलो. मागून ऑफिसच्या पोरी विचारायला लागल्या, क्या हुआ दत्ताभाई, पंक्चर है क्या? म्हणलं, हां, पंक्चरच.

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप-फिटिंगच्या कंपनीत स्टाफ व्हॅन चालवतो. शिक्षण चौथी. लायसन्सच्या परीक्षेला सहाव्यांदा पास झालो, तेही बहुतेक माझा कंटाळा येऊन. मार्थाबाय त्याच कंपनीत डॉक्युमेंटेशनला होत्या, सव्वीस वर्षं. माझ्या शेजारची पुढची सीट त्यांची. एकदा एक नवीन अकाउंटंट चुकून तिथं बसला. बाय नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या. तो स्वतःच उठला आणि 'सॉरी' म्हणाला, ते थेट मागच्या सीटवर पोचेपर्यंत म्हणत होता.

बुटक्या, सावळ्या, केस तेल लावून चप्प बसवलेले, हातात बारा महिने काळी छत्री. शारजात छत्री. पावसाची नाही, उन्हाची. पर्समध्ये वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, असायची. मी गाडी नीट चालवली की एक द्यायच्या, जोरात ब्रेक मारला की नाही. मला दत्तू म्हणायच्या. माझी आईसुद्धा मला दत्ताजी म्हणते, कारण तिला अजून आशा आहे.

बायचं एकच वाक्य होतं. कुणी काही सांगायला लागलं की त्या मान वळवायच्या आणि विचारायच्या, "बघितलंस की ऐकलंस?" मी एकदा छातीठोकपणे सांगितलं, की अमुक फोरमनला दुसरी बायको आहे. बघितलंस की ऐकलंस? ऐकलं. मग गप गाडी चालव. इतकी वर्षं ह्या प्रश्नानं माझं तोंड जेवढं बंद ठेवलं तेवढं माझ्या बायकोला लग्नापासून जमलेलं नाही.

त्यांच्या कामाचं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माल जहाजावर चढताना पेटी फुटलेली असेल, भिजलेली असेल, तर कागदावर तसं लिहावं लागतं. काहीच वावगं नसेल तर तो कागद 'क्लीन'. बाय दिवसभर हेच बघायच्या. माल कसा गेला, कसा पोचला. आणि वर्षातून नऊ दिवस हेच त्या शाळांचं करायच्या.

बाकीचे लोक सुट्टी साठवून गावाला जातात. मार्थाबाय त्यातले नऊ दिवस जानेवारीसाठी राखून ठेवायच्या. आमच्या भागात लहान पोरांच्या नऊ शाळा. सात आपल्या इंडियन, खासगी. दोन सरकारी. एका शाळेला एक दिवस. सकाळी सातला गेटसमोर उभ्या, पोरं आत जाताना बघायच्या. दुपारी सुटायच्या वेळी पुन्हा तिथंच, तीच पोरं बाहेर येताना बघायच्या. सकाळी हसत गेलेलं पोर दुपारी कसं आलं? डबा सांभाळत गेलेली पोरगी रिकाम्या हातानं आली का? वॉचमन कुणाला नावानं हाक मारतो, कुणाला 'ए' करतो? आणि सगळे गेल्यावर ज्याला न्यायला कुणी आलेलं नाही ते शेवटचं पोर कुठं बसतं? हे शेवटचं त्यांना सगळ्यात महत्त्वाचं. ते बघितल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. दुपारी मी रिकामाच असायचो, मॅनेजर कानाडोळा करायचा, म्हणून व्हॅन मी न्यायचो. अशी माझी शिक्षणक्षेत्रात एंट्री झाली.

सगळं एका जाड वहीत. फेब्रुवारीत बिल्डिंगमधल्या आया चहा घेऊन त्यांच्याकडे यायच्या. त्यांच्या मोबाइलवर रेटिंग असायचं, रिझल्ट असायचे, कुणाच्या नणंदेनं सांगितलेलं असायचं. कुठली चांगली, बाय? बाय 'चांगली' हा शब्द वापरायच्याच नाहीत. वही उघडायच्या आणि बघितलेलं तेवढं वाचून दाखवायच्या. बायका वैतागायच्या, पण पुढच्या वर्षी धाकट्यासाठी पुन्हा यायच्या.

मी एकदा विचारलं, सरकारी शाळेत आपल्या पोरांना सहसा घेत नाहीत, मग त्या कशाला बघता? म्हणाल्या, "दुसरीकडे पोरं कशी वागवतात ते बघितल्याशिवाय आपल्याकडे कशी वागवतात ते कसं कळणार?"

एका वर्षी एका मोठ्या शाळेसमोर घोटाळा झाला. काचेची चारमजली इमारत, आत स्विमिंग पूल. कुणीतरी तक्रार केली की एक बाई छत्री घेऊन सकाळपासून पोरांकडे बघतेय आणि सोबत व्हॅनवाला आहे. पोलीस आला. मी खाली उतरलो, कारण बायना अरबी येत नाही आणि मला येतं. मला चार शब्द येतात. ते चारही मी एकदम वापरले: हबीबी, माफी मुश्किल, खलास, यल्ला. म्हणजे मित्रा, काही अडचण नाही, संपलं, चल निघ. पोलिसाला 'चल निघ' म्हणणारा शारजातला मी पहिलाच असेन. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप लायसन्स काढून हातात धरलं.

बायनी त्याच्यापुढं वही उघडली आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. त्याला हिंदी चांगलं येत होतं. ऐकता ऐकता त्यानं विचारलं, माझी मुलगी पलीकडच्या सरकारी शाळेत आहे, ती बघितली का? बायनी पानं उलटली. मंगळवार. शेवटची मुलगी एक वाजून पस्तीस मिनिटांनी. मोठ्या बाई स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसल्या होत्या. मुलगी काहीतरी सांगत होती, त्या ऐकत होत्या. पोलिसानं वही दोन्ही हातांनी परत केली आणि वॉचमनला म्हणाला, ह्यांना सावलीत उभं राहू दे.

जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, तू मात्र अरबी बोलू नकोस.

त्याच काचेच्या शाळेत मला माझी पोरगी घालायची होती.

तन्वी पाच वर्षांची होती. घरात अखंड बडबड, अर्धी इंग्लिश, अर्धी मराठी. परक्या माणसासमोर मात्र तोंडाला कुलूप. लिफ्टमध्ये कुणी 'हॅलो' म्हणलं तरी आईच्या ओढणीत शिरायची. बायनी त्या शाळेचं पान मला स्वतःहून वाचून दाखवलं. दीडनंतर शेवटचं पोर गेटबाहेर, उन्हात, सिक्युरिटीजवळ. तीन वर्षं तेच लिहिलेलं. मी म्हणलं, आपण वेळेवर जाऊ की. बायनी वही मिटली. त्या दिवशी सुकेळं मिळालं नाही, आणि ब्रेक मी एकदाही मारला नव्हता.

खरं कारण सांगतो. तिथल्या युनिफॉर्मला ब्लेझर होता. शारजाच्या उन्हात ब्लेझर. मला त्या ब्लेझरमधला फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा होता. फी वर्षाला नऊ हजार दिरहम, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर. वैशाली, माझी बायको, म्हणाली, फोटो स्वस्तात निघतो, ब्लेझर भाड्यानं आण.

फॉर्म भरायला टायपिंग सेंटरवर गेलो. तिथला पोरगा विचारतो, फादर्स क्वालिफिकेशन? मी म्हणलं, जे बरं दिसेल ते टाक. त्यानं बी.कॉम. टाकलं. मी तीन दिवस बी.कॉम. होतो. त्या तीन दिवसांत वैशालीनं मला भाजी आणायला पाठवलं नाही, असं मला वाटलं. ती म्हणते भाजी घरात होती.

इंटरव्ह्यूला मॅडमनी इंग्लिशमध्ये विचारलं, बी.कॉम.ला तुमचे विषय कुठले होते? मी म्हणलं, येस. वैशाली टेबलाखालच्या कार्पेटकडे बघायला लागली. मग मॅडम तन्वीकडे वळल्या. नाव काय, हा रंग कुठला, हा प्राणी कुठला. तन्वी गप्प. दहा मिनिटं. शेवटी मॅडमनी विचारलं, व्हॉट डज यॉर पापा डू?

आणि पोरगी बोलली. "माय पापा ड्राइव्ह्ज व्हॅन. ही वेंट टु स्कूल ओन्ली टिल फोर्थ."

आवाज खणखणीत. चेहऱ्यावर हसू. कारण घरी हे मी रोज सांगायचो ना, तुझा बाप चौथी पास आहे बरं का, आणि सगळे हसायचे. तिला वाटलं, ही आपल्या घरातली सगळ्यात भारी गोष्ट आहे.

'रिग्रेट' असा मेसेज आला. तोवर मार्च उजाडला होता, बाकीच्या शाळाही भरल्या होत्या. वैशालीनं सामान बांधायला काढलं. ती म्हणाली, आम्ही दोघी गावाला जातो, तिथली झेडपीची शाळा काय वाईट आहे, तूपण तिथंच होतास. म्हणलं, म्हणून तर. त्यावर कुणी हसलं नाही. दोघी गेल्या की मी पुन्हा बेडस्पेसवर, आठ जणांच्या खोलीत. व्हिडिओ कॉलवर पोरगी वाढणार. असे कितीतरी बाप आहेत इथं, मीही त्यांच्यात जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमरियाहून परतताना जबरदस्त ट्रॅफिक. मागं सगळे झोपलेले. मी बायना सगळं सांगितलं, जोक करत करतच. हेही सांगितलं, की चौथीनंतर मी शाळेत जायचं बंद केलं तर चौकशीला कुणी आलंच नाही. मी आठ दिवस वाट बघितली. मग म्हणलं, आपल्यावाचून शाळेचं अडत नाही.

बाय हसल्या नाहीत. समोरच्या लाल दिव्यांकडे बघत त्यांनी नेल्सनचं सांगितलं. नेल्सन त्यांचा मुलगा, तेव्हा कॅनडात होता. नवरा लवकर गेलेला. पोराला त्यांनी इथल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. रिझल्ट बघून, रेटिंग बघून, दहा जणांना विचारून. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्षं रिपोर्टवर 'गुड'. दुसरीच्या शेवटी त्या टीचरना भेटायला गेल्या. टीचरनी हसून विचारलं, विच वन इज यॉर्स?

"नेल्सन माझा हात धरून शेजारी उभा होता, दत्तू."

दोन वर्षं तो वर्गात एक शब्द बोलला नव्हता आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी विचारलं, घरी बोलायचा?

"घरी मी कुठं होते? ह्या व्हॅनमध्ये होते."

गाडी चार फूट सरकली. त्यानंतर नेल्सनचं नाव त्यांनी माझ्यासमोर परत काढलं नाही. उतरताना मात्र म्हणाल्या, उद्या दुपारी पोरीला आणि तिच्या आईला घेऊन ये. वैशालीला सांग, सामान सोड, तांदूळ परत डब्यात भर.

शाळा होती ती गॅरेजच्या गल्लीमागची दोन मजली जुनी इमारत. स्विमिंग पूल सोडा, झाडसुद्धा एकच. बाय गेटपर्यंत आल्या आणि थांबल्या. मला वाटलं गुडघे दुखले. तेव्हा ध्यानात आलं, ह्या बाईनं अकरा वर्षं नऊ शाळा बघितल्या आणि एकाही शाळेच्या आत पाऊल टाकलेलं नाही. नेल्सनच्या त्या दिवसानंतर कुठल्याच नाही. त्यांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग तन्वीचा हात धरला आणि आत गेल्या. कोण कुणाला नेत होतं, सांगता येत नव्हतं.

सुपरवायझर मॅडम केरळच्या, पन्नाशीच्या. बायना बघून खुर्चीतून ताडकन उठल्या. चेहरा पांढरा. टेबलावरच्या फायली सारख्या करत इंग्लिशमध्ये म्हणाल्या, मॅडम, आज तुम्ही आत येणार हे आम्हाला कळवलं नाही.

त्या बायना मिनिस्ट्रीतल्या इन्स्पेक्टर समजत होत्या. अकरा वर्षं. जानेवारी आला की स्टाफमध्ये निरोप फिरायचा, छत्रीवाल्या मॅडम येणार. पहिल्या वर्षी बायना बघितलं त्याच दिवशी त्यांनी झाडाखाली बाकडं टाकलं होतं आणि एका आयाची ड्यूटी लावली होती, शेवटच्या पोराशेजारी बसायची.

बायच्या वहीत ह्या शाळेसमोर अकराही वर्षं 'क्लीन' लिहिलेलं होतं.

बाय खुर्चीत बसल्या. मी जोक करायला तोंड उघडलं आणि वैशालीनं माझ्या पायावर पाय दिला. मग बायनी हळू विचारलं, बाकडं फक्त जानेवारीत असतं का? मॅडम गडबडल्या. म्हणाल्या, नाही, काढलंच नाही कधी. पहिल्या वर्षी तुम्हाला दाखवायला टाकलं, खोटं कशाला बोलू. पण मग आयाला सवय झाली, पोरांना झाली. आता मीच जाऊन बसते कधी कधी.

बायनी खिडकीतून खाली बघितलं. दोन वाजत आले होते. बाकड्यावर एक जाडसर पोरगी आयाच्या मांडीवर दप्तर ठेवून त्यातून काहीतरी शोधत होती. बायनी ते पुरतं बघून घेतलं. मग सांगितलं, मी मिनिस्ट्रीतली नाही, क्लार्क आहे. मॅडमनी श्वास सोडला. मला वाटलं आता आम्हाला हाकलणार. त्या हसायला लागल्या. डोळे पुसत हसल्या. बाय हसल्या नाहीत, पण त्यांनी पर्स उघडली आणि मॅडमना एक सुकेळं दिलं.

मग माझ्याबद्दल सांगितलं. बाप चौथी पास. मुलगी परक्यांशी बोलत नाही. दोन्ही आत्ताच लिहून घ्या, नंतर सापडायला नको. मॅडमनी तन्वीला काही विचारलं नाही. नुसतं सुकेळं मोडून अर्धं तिच्यापुढं धरलं. तन्वीनं ते घेतलं आणि आईच्या ओढणीत न शिरता तिथंच उभी राहून खाल्लं. एका वर्गात एक सीट वाढवून घ्यायला चार दिवस लागले, पण मिळाली. फॉर्मवर ह्या वेळी मी स्वतः लिहिलं, फोर्थ. स्पेलिंग बायनी सांगितलं.

खाली उतरताना बाय जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "मी बघत होते असं मला वाटत होतं. मॅडमच मला दाखवत होत्या." दोन पायऱ्या उतरून त्या स्वतःशीच म्हणाल्या, पहिल्या वर्षीचं ते पोर सावलीत तर बसलं. त्याला काय करायचंय, बाकडं कुणासाठी टाकलं ते.

त्यानंतर त्या शाळा बघायला गेल्या नाहीत. बिल्डिंगमधल्या आया चहा घेऊन आल्या तर म्हणायच्या, जा, उभं राहा, स्वतः बघा. गुडघेही राहिले नव्हते. पुढच्या वर्षी साठी उलटली म्हणून कंपनीनं व्हिसा पुढं वाढवला नाही. सव्वीस वर्षांचा केक कापला, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी मला दिलं, म्हणाल्या, बॅगेचं वजन होतंय.

एअरपोर्टला मीच सोडलं. दुपारची फ्लाइट होती. दोन बॅगा, छत्री, आणि नेल्सनचा लहानपणीचा एक स्वेटर हातावर, बॅगेत न घातलेला. तिकडे घर बंद होतं, उघडायला कुणी नव्हतं. मी रस्ताभर बोलत होतो. गप्प बसलो असतो तर रडलो असतो, आणि रडत गाडी चालवली तर इथं दंड लागतो का ते मला माहीत नव्हतं. म्हणलं, बाय, काळजी करू नका, तन्वी आता वर्गात बोलते, वॉचमन नावानं हाक मारतो, सगळी शाळा ओळखते तिला. तुमचे लई उपकार. आता तुमच्या जागी जानेवारीत मी उभा राहीन, नऊच्या नऊ शाळा बघीन.

बायनी ट्रॉली थांबवली. माझ्याकडे बघितलं. विचारलं, "तन्वीच्या टीचरचं नाव काय?"

मी डोकं खाजवलं. म्हणलं, मिस... मिस म्हणते ती. वैशालीला माहीत असेल, फोन लावू का?

"शेजारी कोण बसतं तिच्या?"

मी फोन काढला होता, तो तसाच हातात राहिला. मागून लोक यल्ला, यल्ला करत ट्रॉल्या ढकलत होते. बायनी स्वेटर दुसऱ्या हातावर घेतला आणि काचेच्या दाराकडे वळल्या. दार उघडलं, त्या आत गेल्या, मग मान वळवून मला म्हणाल्या,

"शाळा मी बघून दिली रे तिला. आता बाप कुठून बघून देऊ?"